दादाच्या गाडीच्या चार नळ्या

सकाळी अंगण झाडत होते, तेवढ्यात अकोल्याहून वैनीचा फोन आला. "बाई, तुमचे दादा गेले..." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" दादा न सांगता कुठेही निघून जायचा, म्हणून तोंडातून तेच निघालं. दीड महिना झाला त्याला. मी चौथी शिकलेली, चार माणसांत मला बोलता येत नाही. तेरवीला सगळे दादाबद्दल बोलले, मी भिंतीशी बसून राहिले. पण त्याच्या गाडीची गोष्ट माझ्याइतकी कोणालाच माहीत नाही, म्हणून लिहिते.

दादाचं घरालाच लागून गॅरेज होतं. त्याच्या स्वतःच्या जुन्या पेट्रोल गाडीला त्याने हेडर बसवले होते. हेडर म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्या, पुढे जाऊन एकात मिळतात. आवाज काय सुंदर यायचा! पण नळ्या एवढ्या तापायच्या की शेजारच्या पाईपातलं पेट्रोल उकळायचं, आणि उन्हाळ्यात अमरावतीला येताना गाडी मूर्तिजापूरजवळ हमखास बंद पडायची. एकदा तर वैनी तिच्या भाचीच्या लग्नाला अक्षता पडून गेल्यावर पोचली. तेव्हा तिने सांगून टाकलं, "आता एकडाव बंद पडली का भंगारवाल्याले देऊन टाकीन इले." वैनी बोलते ते करते. दादाचा जीव त्या गाडीत... त्याचं जेवणावरचं लक्षच उडालं.

त्याच वर्षी मे महिन्यात मी अकोल्याला गेले, तर दादा नळ्यांना काचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळत होता. उष्णता नळीतच राहावी म्हणून. दोनदा गुंडाळली, दोनदा ढिली पडली. मी अमरावतीला घरी नवारीच्या पट्टीने बाजा, म्हणजे खाटा, विणते. मी हळूच म्हटलं, "दादा, नवार आपण ओली करून ओढतो..."

दादाने हातातली पट्टी खाली टाकली. "शांते, सकाळपासून पाहून राहिली, बोलली कावून नाही? ये, धर इकडे!"

पट्टी पाण्यात भिजवली. मी ओढायची, आधीच्या वेढ्यावर अर्धा वेढा चढवायची, दादा स्टीलची पट्टी आवळायचा. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "पहिल्यांदा लय धूर निघन. भ्यायचं नाही. पानी तं टाकायचंच नाही, तापलेली नळी तडकते." हे त्याने फक्त मला सांगितलं. वैनीला सांगायचं त्याला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली, आणि बोनेटखालून पांढऱ्या धुराचे लोटच्या लोट! वैनी बादली घेऊन धावत आली, "आग लागली वो! उतरा खाली!" इंजिनाच्या आवाजात दादाला काही ऐकू जाईना. मी जन्मात कधी ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले. "वैनी, पानी नका टाकू!" आणि बादलीच धरली. अर्धं पाणी माझ्या अंगावर. दादा उतरला, हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. "इचा आवाज तं निघाला! आता गाडीचा पाहू."

भर दुपारी बारा वाजता आम्ही तिघं निघालो. मूर्तिजापूर जवळ आलं. वैनी पदराचं टोक पिळत होती... आणि गेलं! मूर्तिजापूर मागे गेलं! रस्ता रिकामा, तरी दादाने हॉर्न वाजवला. "समोर पाहा," वैनी म्हणाली. बडनेरा आलं तेव्हा तीच म्हणाली, "जराशी जोरात चालवा न!" माझ्या दारात उतरून तिने बोनेटवर हात ठेवला, चटकन उचलला, आणि म्हणाली, "राहू द्या मंग इले घरीच."

मागच्या आठवड्यात वैनीचा पुन्हा फोन आला. एका नळीची पट्टी सुटली होती, आणि पाहायला आलेला मिस्त्री म्हणत होता, हे सगळं काढून टाका. वैनीने त्याला चहा पाजून परत पाठवलं. "माही ननद करते ते," म्हणाली. मी गेले. गॅरेजात खिळ्याला दादाचे हातमोजे होते. ते घातले, तर पट्टीचा ताण कळेना, म्हणून काढून ठेवले आणि उघड्या हातांनी वेढे घातले. काचेची बारीक कुसं हातात शिरली, रात्रभर आग आग झाली. दादाचेही हात असेच व्हायचे. सकाळी वैनी खोबरेल तेलाची वाटी घेऊन शेजारी बसली.

"आज हात असेच राहू द्या. उद्या लावा," मी म्हटलं.