हुडावरची हळद

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर बसले तेव्हाही मी आपली इकडचं तिकडचं मागत राहिले, हे सोडून. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पण एकदम नाही जमायचं. आधी गाडीबद्दल बोलते — गाडीबद्दल बोलायला काय जातंय?

आम्ही भिवंडीजवळच्या कोन गावचे. दापोड्याकडची जमीन गोदामांना गेली आणि आमच्या ह्यांनी एक उघडी गाडी घेतली. मुंबईच्या कुणा शेटची वापरलेली, वर कापडी हूड, बटण दाबलं की घडी होऊन मागे बसायचा. वरातीला भाड्याने द्यायची म्हणून घेतली, पण जीव असा जडला की भाड्यापेक्षा तिला पुसण्यातच ह्यांचा दिवस जायचा. हूड सायीच्या रंगाचा. भिवंडीच्या धुळीत सायीचा रंग! काळा घ्यायला काय झालं होतं, असं मी तेव्हाच म्हटलं. पण ह्या घरात माझं कोण ऐकतं?

तो हूड सांभाळायची माझी धाकटी जाऊ, सुगंधा. माझा दीर तरणाताठा गेला, तेव्हा तिची प्रणाली नुकती चालायला लागली होती; पुढे ती मला मोठी आई म्हणायला लागली. शेटच्या ड्रायव्हरने एकदा करून दाखवलं आणि हिने ते उचललं. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ, विणीच्या दिशेने. मग कोमट पाण्यात लहान मुलांचा शाम्पू — घासायचं नाही, नुसतं टिपायचं. सावलीत पुरता सुकल्याशिवाय घडी घालायची नाही, ओला मिटला की बुरशी. शेवटी पाणी आत न शिरायचं औषध फवारायचं. मग पाण्याचे थेंब अळूच्या पानावरून पळावेत तसे पळायचे. येईल त्या पाहुण्यासमोर आमचे हे हुडावर तांब्या ओतून दाखवायचे आणि म्हणायचे, हुडाला हात फक्त सुगंधाचा.

मला ते टोचायचं. आता तुमच्यापासून काय लपवू? आणि टोचणी काय एका हुडाची होती? माझा नितेश तिच्याच मांडीवर वाढला. शाळेतून आला की चपला काढायच्या आधी "काकी!" मी तिथेच, चुलीपाशी — पण हाक काकीला.

त्याचं लग्न ठरलं आणि पोरगा अडून बसला. काकी हळद लावणार असेल तरच मी पाटावर बसेन. आमच्याकडे नवरा गेलेली बाई हळदीला पुढे येत नाही. ह्यांच्या आत्याबाई तर जेवता जेवता उठल्या. पण नितेश हटला नाही, आणि हेही त्याच्या बाजूने उभे राहिले. शेवटी ठरलं, संध्याकाळी सुगंधाही हळद लावणार. सकाळी तिने पेटीतून हिरवी साडी काढली, परत ठेवली, परत काढली. माझं लक्ष होतं.

मी काय म्हणाले? चांगलं झालं बाई, म्हणाले. हसून म्हणाले.

दुपारी मांडवात आम्ही बायका हळद कालवत होतो, हात कोपरापर्यंत पिवळे. गाडी मांडवाच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या दिवशीच्या वरातीसाठी हूड चढवून उभी. मी तिथून पाणी आणायला निघाले तर ह्यांनी सगळ्यांदेखत हटकलं, "ए, लांबून जा, लांबून. हळदीचे हात हायत तुझे. हुडाचं काय ते सुगंधा बघंल." बायका हसल्या. बस, एवढंच झालं होतं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही.

हे निघून गेले. मी गाडीपाशी एकटीच होते. आणि माझा हात हुडाला लागला.

लागला — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. कधी म्हणे तोल गेला, कधी म्हणे साडीत पाय अडकला. खोटं आहे ते. मी हात ठेवला. दाबून ठेवला. माझ्या पोराची हळद, माझ्या पोराची वरात — आणि आईने लांबून जायचं?

हात उचलला. अख्खा पंजा उमटलेला. धावत जाऊन धुण्याच्या दगडावरची साबणाची वडी आणली, सुगंधाचा ब्रश घेतला आणि घासत सुटले. हळदीला साबण लागला की लाल होते, हे मला ठाऊक नव्हतं? शेंबड्या पोरीला ठाऊक असतं. पण डोकं कुठे जागेवर होतं! घासलं तसा डाग लाल होऊन पसरला, कापड तेवढ्यात पिंजलं. मग थांबले. साबण होता तिथे ठेवून आले, हात धुतले. ब्रश मात्र चाकापाशी, ओला. तो विसरून राहिला नाही. मी ठेवला.

झालं. बोलले एकदाची. पण एवढ्यावर संपलं असतं तर मी आज इतकी तळमळले नसते.

ह्यांनी डाग पाहिला आणि मांडव डोक्यावर घेतला. आत्याबाईंनी ओला ब्रश उचलून सगळ्यांना दाखवला. "संध्याकाळपत्तुर धीर न्हाय धरवला हिला. चोरून हळदीत हात घातला, वर डाग पुसाया गेली." जी बाई त्या हुडाला शाम्पूसुद्धा जपून लावायची, ती धुण्याचा साबण कशाला लावेल? एवढा साधा प्रश्न त्या मांडवात कुणाला पडला नाही.

"मी न्हाय लावला हात, दादा," सुगंधा ह्यांना एकदाच म्हणाली. मग तिची नजर फिरली. हळद कालवणाऱ्या सगळ्या बायकांचे हात पिवळेधमक होते, माझे एकटीचे धुतलेले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मी खाली पाहिलं. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

नितेश तिला बोलवायला निघाला, तर मी त्याला अडवला. काकीच नको म्हणते रे, असं सांगितलं. हे दुसरं खोटं, आणि ते माझ्या तोंडून किती सहज आलं! तो पाटावर बसला. हळद मी लावली, आत्याबाईंनी लावली, गावाने लावली.

त्यानंतर सुगंधाने हुडाला हात लावला नाही. पिंजल्या जागेतून पाणी गळायला लागलं, पुढे ह्यांनी गाडी विकून टाकली. मला वाटलं, गाडी गेली की माझाही जीव खाली पडेल. कुठला पडतोय? ती समोर भाकरी थापत असली की मी उगाच भांडी आपटायची, उगाच तिच्यावर खेकसायची. ती आपली भाकरी थापत राहायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग काही वर्षांनी प्रणालीची हळद आली. आत्याबाई तोवर गेल्या होत्या, आडवं येणारं कुणी उरलं नव्हतं. ह्यांनीच हाक मारली, सुगंधा, ये, तुझ्या पोरीला हळद लाव. ती आली. वाटी घेतली, पाटासमोर वाकली. आणि प्रणाली हळूच म्हणाली, "आई, तू नको. नितेशदादाच्या हळदीला झालं तसं माझ्या लग्नात नको. मोठी आई लावंल."

सुगंधा तशीच वाकून राहिली. पोरीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. घाई करत नव्हती. मांडवातले सगळे थांबले होते, हे थांबले होते, नितेश तिथेच उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं मला.

तिने वाटी माझ्यापुढे धरली. मी घेतली आणि तिच्या मुलीला हळद लावली.