फुकट मागितलेली जाळी

जुनी मशीनं विकणारा तो व्यापारी आजही पनवेलच्या बाजारात समोरून आला, तर मी रस्ता बदलत नाही. तोच बदलतो. बदलायलाच हवा.

माझी लॉन्ड्री बाजारामागच्या गल्लीत आहे. आधी मी घरोघरी धुणी धुवायचे, मग स्टँडजवळच्या एका प्रसूतिगृहाच्या चादरी हातानं धुवायला घेतल्या. तिथल्या मुख्य सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ओलसर चादर बाळाच्या अंगाखाली जाता कामा नये. बाकी डाग राहिला तर मी समजून घेईन." मी शब्द दिला. वीस वर्षं त्यांनी माझं गाठोडं कधी सोडून बघितलं नाही. "ठेव कपाटात," एवढंच म्हणायच्या. बाकीची सगळी गिऱ्हाइकं मी भांडून मिळवली आहेत. हे एकच असं होतं की जिथं मला तोंड उघडावं लागत नव्हतं.

पावसाळा आला की मात्र माझी झोप उडायची. दोरीवर तीन दिवस टांगून चादर वाळत नाही, पंख्याखाली घातली तर कुबट वास धरते, शेवटी इस्त्रीनं भाजून काढायची. हात भाजून घेऊन कंटाळले आणि ठरवलं, आता मशीन घ्यायचं. बंद पडलेल्या एका हॉटेलचं कपडे वाळवायचं मशीन या व्यापाऱ्याकडे आलं होतं. मी त्याला भावासाठी तीन दिवस पिळला.

"ताई, तुम्ही दुकानात आलात की माझं डोकं चढतं," तो म्हणाला.

"मग लवकर हो म्हणा शेठ, डोकं उतरेल."

अखेर हो म्हणाला. पण सौदा झाल्यावर वर काहीतरी फुकट घेतल्याशिवाय मी उठत नाही. भाजीवाल्याकडून कोथिंबीर, कापडवाल्याकडून पिशवी. ती सवय गरिबीतली आहे आणि मला तिची लाज नाही. त्या दिवशी मात्र काय मागावं सुचेना. मशीनची गरम हवा बाहेर टाकणारा पाइप मागच्या भिंतीतून गल्लीत निघणार होता, खाली गटार. मी म्हणाले, "त्या भोकाला डासांची जाळी लावून द्या. फुकट."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. "देतो की. बारीकातली बारीक देतो."

ते हसू मला हरलेल्या माणसाचं वाटलं. घरी जाताना मी खुशीत होते.

पहिले काही आठवडे मशीननं जादू केली. चादरी पापडासारख्या कडक, गरम. मग हळूहळू काहीतरी बिनसलं. जे पाऊण तासात वाळायचं त्याला दीड तास, मग दोन. मशीन फिरता फिरता मध्येच गार पडायचं. काठ वाळायचे, शिवणी ओल्याच. घडी घालताना हाताला कळायचं, पण ढीग एवढा असायचा की मी स्वतःला समजवायचे, इस्त्रीत जाईल.

एका सकाळी सिस्टरनी मला कपाटापाशी बोलावलं. त्यांनी आतल्या घडीतली चादर ओढली आणि गालाला लावली. मग माझ्या गालाला लावली. गार होती.

"शनिवारपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "नाहीतर दुसरीकडे द्यावं लागेल. का, ते तुला माहीत आहे." त्या ओरडल्या असत्या तर मी उलट ओरडले असते. त्या ओरडल्या नाहीत.

मी थेट व्यापाऱ्याला फोन लावला. त्यानं मेकॅनिक पाठवला. मेकॅनिकनं मशीनच्या पोटात टॉर्च मारली आणि म्हणाला, हीटर गेला, नवा टाकावा लागेल. मी हात आत घालून बघितला तर चटका बसला.

"गेलेला हीटर चटका देतो का रे?"

"मग तुम्ही जास्त कपडे कोंबता."

त्याला घालवला आणि स्वतः कंबर कसली. रद्दीवाल्याचा वजनकाटा मागून आणला. निम्म्याच चादरी घातल्या, तरी ओल्या. धुण्याच्या मशीनमध्ये दोनदा पिळून घातल्या, वजन कमी भरलं, म्हणजे पिळणं ठीक होतं, तरी ओल्या. दारामागची तंतू अडवणारी गाळणी रोज साफ होतीच, ती ब्रशनं घासून पाण्याखाली धरली. मशीन पुढं ओढून पाइप कुठं चेपलाय का बघितला. नव्हता. दोन दिवस गेले. शुक्रवार उजाडला आणि मशीनच्या काचेवर आतून घाम धरलेला. म्हणजे पाणी कपड्यांतून निघत होतं, पण बाहेर कुठंच जात नव्हतं.

माझ्याकडे उरणकडच्या गावातली एक बाई इस्त्रीला आहे. तिला मशीनचं काही कळत नाही असं मी धरून चालले होते. इस्त्री खाली न ठेवता ती म्हणाली, "ताई, ती मांजर बी आता नाय येत."

"कुठली मांजर? इथं माझा जीव चाललाय."

"मागच्या पत्र्यावर बसायची नाय का, पाइपाखाली? ऊब यायची तिला. म्हैना झाला, नाय बसत."

मी इस्त्रीचं टेबल ओलांडूनच मागं धावले. स्टुलावर चढून पाइपाच्या तोंडाशी हात धरला. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. जाळी दिसतच नव्हती. तिच्या आतून चादरींच्या तंतूंचा भुगा बसून बसून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा जाड थर झाला होता, करडा, ओला. आतल्या गाळणीतून सुटून जाणारा सगळा भुगा त्या बारीक जाळीनं धरून ठेवला होता. मी पक्कडीनं जाळी उचकटली. भसकन वाफ तोंडावर आली. पाऊण तासात चादरी कडक.

शनिवारी मी गाठोडं पोचवलं, शब्द राखला. तिथून निघाले ती पिशवीत जाळी घेऊन सरळ त्याच्या दुकानात. गिऱ्हाईक बसलं होतं, बरंच झालं. जाळी त्याच्या काउंटरवर आपटली.

"तुम्हाला माहीत होतं."

त्यानं जाळीकडे बघितलं, मग गिऱ्हाइकाकडे. "ताई, या मशीनला जाळी कोणी लावत नाही, चोंदते. पण तुम्ही मागितली, मी दिली. तुम्हाला नाही म्हणायची कोणाची छाती आहे?" गिऱ्हाईक हसलं.

आयुष्यात पहिल्यांदा दुकानाच्या पायरीवरून मी उत्तर न देता उतरले. पण विसरले नाही.

तो हिवाळ्यात आला. हातात पिशवी, पिशवीत त्याचं लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट. बाजारातल्या कुठल्याही समारंभात, उकाडा असला तरी, तो ते घालून पहिल्या रांगेत बसतो. त्यावर रस्सा सांडला होता, बायकोनं घरीच धुतलं, आणि संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या सभेत त्याचाच सत्कार. जाकीट अजून ओलं होतं.

"ताई, झालं गेलं विसरा. तुमच्या मशीनमध्ये फिरवून द्या एवढं. घाई आहे."

लोकर गरम मशीनमध्ये फिरवली तर काय होतं ते लॉन्ड्रीत आठवडाभर काम केलेल्या माणसालाही कळतं. इस्त्रीवाल्या बाईनं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं. मी भुवई उचलली, तिनं मिटलं.

"मशीनमध्येच?" मी विचारलं.

"मग काय? मीच विकलंय तुम्हाला. आणि जरा गरम ठेवा, अर्ध्या तासात झालं पाहिजे." जाताना वळून म्हणाला, "आणि ओळखीत काय घ्यायचं असतं? फुकटच ना?"

"फुकट," मी म्हणाले. "गरमातलं गरम देते."

अर्ध्या तासानं तो आला तेव्हा जाकीट काउंटरवर घडी करून ठेवलं होतं. एकदम कोरडं. त्यानं उलगडलं. बालवाडीतल्या पोराला बसलं असतं, आणि कापड त्या जाळीवरच्या थरासारखंच घट्ट झालेलं.

"हे काय केलंत तुम्ही?"

"तुम्ही मागितलं, मी दिलं."

इस्त्रीवाल्या बाईनं तोंडात पदर कोंबला. तो सत्काराला नुसत्या शर्टावर गेला, हे मला दुसऱ्या दिवशी तीन जणांनी येऊन सांगितलं. तिघांनाही मी चहा पाजला.

ज्याला हे वाईट वाटतं त्याला वाटू दे. मला आनंद झाला होता. त्याच आनंदात मी त्याच्या पुढच्या सकाळी गाठोडं घेऊन प्रसूतिगृहात गेले. त्या शनिवारपासून एकही ओली चादर गेली नव्हती, सगळा पावसाळा, सगळी दिवाळी. काम हातचं गेलं नव्हतं.

सिस्टरनी गाठ सोडली. वरची चादर बाजूला केली, मधली काढली आणि गालाला लावली. मग आणखी एक. मग म्हणाल्या, "हं, ठेव कपाटात."

वीस वर्षं न सोडलेली गाठ आता त्या रोज सोडतात, चादर गालाला लावतात. मी समोर उभी राहते, किती चादरी गालाला लावल्या ते मोजते. एका जाकिटात हे भागत नाही. त्याचं दुकान अजून तिथंच आहे, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच्या घरी लग्न आहे असं ऐकते.