ऐकणारीचं स्टूल

तेल गप्प झालं की उतरवायचं. त्या घरातलं सगळं शास्त्र एवढंच. माका किती, आवळा किती, जटामांसी कधी टाकायची, हे कुणीही कुणाला शिकवावं. पण कढईतलं तेल नेमकं कधी गप्प झालं हे ओळखायला कान लागतो, आणि तो कान थोरलीकडे होता.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. दोघींना कागदोपत्री चांगली भारदस्त नावं होती, पण गल्लीत कुणी त्या नावांनी हाक मारली असती तर दोघींनीही मान वळवली नसती. धाकटीच्या भांगात पांढरं दिसायला लागलं तरी ती आपली धाकटीच. जावा-जावा आणि उभा दावा, असं लोक म्हणतात. म्हणेनात बापडे! या दोघी भांडायच्या, नाही असं नाही, पण भांडण तेलावरून. धाकटीला मेथी सढळ हातानं लागायची आणि थोरलीला तिचा वास सोसायचा नाही. दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी एकीच्या डोक्यावर दुसरीचा हात आणि हातात तेलाची वाटी. तेल चोळताना अबोला टिकत नाही, कुणीही करून बघावं.

पुढच्या खोलीत दुकान. फळीवर तेलाच्या बाटल्या, खाली डब्यांत शिकेकाई, रिठा, आवळकाठी, कापूरकाचरी, सगळं दळून वस्त्रगाळ केलेलं. तिथे धाकटीचा नवरा बसायचा. बाटल्या भरायच्या, बुचं लावायची आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, एवढं त्याचं काम. आता खोटं कशाला बोला, त्याच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता. गिऱ्हाईक आधी बाटलीकडे बघायचं, मग त्याच्या डोक्याकडे, मग पुन्हा बाटलीकडे. "दिव्याखाली अंधार," थोरली म्हणायची, "भाऊजी, निदान टोपी तरी घाला हो." तो हसायचा. त्याला निम्मंच ऐकू यायचं, तरुणपणी कानाचं दुखणं झालं होतं. पण थोरली बोलली की हसायचं, हे त्यानं ठरवून टाकलेलं होतं.

मागच्या खोलीत गॅसची चूल आणि कढई. कढईत तेल, त्यात माक्याचा रस, आवळ्याचा काढा आणि वाटलेल्या पाल्याचा गोळा. मंद आचेवर सगळं रटरटत राहायचं. पाणी आहे तोवर तेल चरचरतं. पाणी संपत आलं की चरचर बारीक होत जाते, आणि मग एक क्षण असा येतो की कढई एकदम मुकी होते. तोच क्षण. आधी उतरवलं तर तेल चार दिवसांत आंबतं, उशिरा उतरवलं तर करपतं आणि डोक्याला जळक्याचा वास येतो. ढवळणारीला काही तो क्षण ऐकू येत नाही, कारण उलथन्याची खरखर तिच्या कानात बसलेली असते. म्हणून या घरात तेल कधी एकटीनं केलं नाही. धाकटी ढवळायची. थोरली बुटक्या स्टुलावर चुलीकडे पाठ करून बसायची, डोळे मिटून.

"पाठ कशाला?" धाकटीनं सुरुवातीला विचारलं होतं.

"डोळे उघडे असले की कान आळशी होतात," थोरली म्हणाली होती.

त्या वेळात कुणी बोलायचं नाही. दारावर कुणी येवो, दूध उतू जावो. मग स्टुलावरून एकच शब्द यायचा, जरासा घोगरा, वाक्य संपवल्यासारखा: "झालं." धाकटीनं आच बंद करायची. पडताळून बघायला कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी राहिलं म्हणायचं. थोरलीच्या शब्दावर उतरवलेल्या तेलाची वात कधी तडतडली नाही.

मग थोरली गेली. आधी साधा खोकला, मग छातीत कफ, मग दवाखाना, आणि एका दुपारी धाकटी डबा घेऊन पोचली तेव्हा खाट रिकामी होती. डबा तसाच हातात धरून ती घरी परत आली. थोरलीची लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिला निरोप गेला, ती निघाली, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईचं तोंड तिला दिसलं नाही.

दुकान काही बंद ठेवता येत नव्हतं. बाटल्या संपल्या तशी धाकटीनं कढई चढवली. सवयीनं स्टूल मांडलं आणि मांडल्यावर तिच्या लक्षात आलं की आता बसणार कोण? नवऱ्याला बसवून उपयोग नव्हता. ते स्टूल उचलायला तिचा हात होईना. म्हटलं, असू दे. ती ढवळत राहिली, घाबऱ्या घाबऱ्या, आज तेलाचं वाटोळं होणार म्हणून. आणि मागून, नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या घोगऱ्या आवाजात शब्द आला.

"झालं."

उलथनं हातातून पडलं. तरी हातानं आधी आच बंद केली, घाबरायचं नंतर. मग ती वळली. स्टूल रिकामं. तिनं वात पेटवली. वात शांत जळली.

माणसाला भुताचीही सवय होते बरं का. पुढच्या खेपेला ती दचकली, त्याच्या पुढच्या खेपेला कमी दचकली, आणि मग ती वाट बघायला लागली. कढई चढवायच्या आधी स्टूल पुसायची. पाठीमागच्या रिकाम्या जागेला गल्लीतल्या बातम्या सांगायची, कोपऱ्यावरच्या शिंपिणीची सून कशी फणकाऱ्यानं माहेरी गेली ते सांगायची. मेथी घालताना म्हणायची, "कमीच घातलीय हो ताई, नाक मुरडू नका." एकदा नवरा दमून त्या स्टुलावर टेकला तर अशी अंगावर धावली की तो बिचारा उभ्या उभ्या बुचं लावत राहिला. मांजरालासुद्धा तिथे मज्जाव. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं, नाहीतर कुणातरी मांत्रिकाला बोलावून थोरलीला घालवून दिलं असतं, आणि तेच तिला नको होतं. घरात भूत असावं आणि ते जाईल म्हणून जीव टांगणीला लागावा, अशी तिची गत झाली होती.

अशी काही वर्षं गेली आणि थोरलीची लेक परत आली. बॅगेसकट. नोकरी सुटली होती, आणि डोक्यावरचे केस मूठमूठ गळत होते. कपाळाजवळ टाळू दिसत होती. धाकटीनं तिला खाली बसवलं, तेल कोमट केलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याबरोबर पोरगी ओक्साबोक्शी रडायला लागली.

"आईचा वास येतोय काकू."

"येणारच गं. तिचंच तेल आहे."

"वास आठवतो. चेहरा आठवतो. आवाजच आठवत नाही मला," पोरगी म्हणाली. "फोनवर ती कधी धड बोलली नाही. नुसतं हं, हं, जेवलीस का, ठेव आता. कुठे साठवलेलासुद्धा नाही तिचा आवाज. कितीदा डोळे मिटून बसते, येतच नाही."

धाकटीचा हात तिच्या डोक्यावर थबकला. ओठांवर आलं होतं, पण तिनं गिळलं.

चार दिवसांनी पोरगी म्हणाली, "काकू, मला तेल शिकव. तू ढवळ, मी आईच्या जागेवर बसते."

स्टुलावर पोरगी बसली तर थोरली बसणार कुठे? आणि एकदा उठून गेलेलं माणूस परत येतं का? तिनं सबबी काढल्या. आज माका ताजा नाही. आज माझा हात दुखतोय. आज हवा दमट आहे. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पडल्या आवाजात विचारलं, "मी तिला शेवटची भेटले नाही म्हणून रागावलीयस का माझ्यावर?"

धाकटीनं कढई चढवली आणि स्वतःच्या पदरानं स्टूल पुसून दिलं.

पोरगी बसली. चुलीकडे पाठ, डोळे मिटलेले. बसायची ढब अगदी आईची, एक खांदा जरा खाली. धाकटी ढवळत होती आणि मनात हात जोडत होती, ताई, जाऊ नका, इथेच कुठेतरी उभ्या राहा, कोपऱ्यात राहा, पण जाऊ नका. तेल चरचरत होतं. फेस धरायला लागला. चरचर बारीक झाली.

"झालं."

तोच आवाज! धाकटीनं आच बंद केली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पोरगी स्टुलावरून उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई," ती म्हणाली. "काकू, हा आईचा आवाज होता."

"तुलाही आला ऐकू? दर वेळी येतो गं! तुझ्याच बाजूनं येतो, त्या स्टुलावरून."

"माझ्या बाजूनं नाही आला." पोरीनं मान हलवली. "माझ्या पाठीमागून आला. चुलीकडून."

"चुलीकडे मी आहे."

"हो ना. तूच आहेस."

दारात नवरा बुचांची पिशवी घेऊन उभा होता. काहीतरी बिनसलंय एवढं त्याला चेहऱ्यांवरून कळलं.

"काय झालं?"

पोरगी त्याच्यासमोर गेली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "काका, तेल झालं की झालं म्हणून कोण सांगतं?"

"ही सांगते की," तो बायकोकडे बोट करून म्हणाला. "थोरली वहिनी गेल्यापासून हीच सांगते. मला ऐकू येत नाही, पण दिसतं ना. बुचं लावताना मधल्या दारातून हिचं तोंड समोरच दिसतं. ओठ हलतात आणि आच बंद करते."

"माझे ओठ?"

"मग काय माझे?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. धाकटी मटकन खाली बसली, चुलीपाशीच. पोरगी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचे तेलकट हात हातांत घेतले. "काकू, परत म्हण ना. एकदाच. तसंच म्हण."

"झालं," धाकटी म्हणाली. तिचा स्वतःचा, पातळ, साधा आवाज. पुन्हा म्हणाली. घसा खाकरून म्हणाली, आवाज खाली नेऊन म्हणाली. पोरगी प्रत्येक वेळी आशेनं बघायची आणि मान हलवायची. शेवटी दोघींनाही ते सोसेना.

"अगं, पण याचा अर्थ कान तुझाच आहे," पोरगी डोळे पुसत म्हणाली. "इतकी वर्षं तूच ओळखत होतीस."

"चुलीत घाल तो कान!" धाकटी कडाडली. "मला कान नको होता. मला ती हवी होती."

पुढे कितीतरी दिवस तिनं कढईला हात लावला नाही. फळ्या रिकाम्या होत गेल्या. थोरली गेली तेव्हा ती जी रडली नव्हती, दुकान चालवायचं म्हणून, ती आता भांडी घासताना, आवळकाठी कुटताना, केव्हाही रडायची. नवरा तिच्याजवळ येऊन बसायचा. पोरीच्या डोक्याला मात्र ती रोज तेल लावत राहिली, आणि तेवढी एक बाटलीही तळाला गेली.

बाटली रिकामी झाली त्या दुपारी धाकटी उठली. माका वाटला, काढा गाळला, कढई चढवली. पोरगी न सांगता स्टुलावर जाऊन बसली. खोलीत नुसती उलथन्याची खरखर. धाकटीनं ओठ घट्ट मिटून धरले होते, का ते तिचं तिलाच ठाऊक. तरी सगळा जीव कानांत आणून ती त्या घोगऱ्या शब्दाची वाट बघत होती. फेस आला. चरचर बारीक झाली. मग थांबली.

कुणी काही बोललं नाही.

धाकटीला कळलं होतं. हात आचेकडे गेलासुद्धा, पण अर्ध्यावर थांबला. अजून येईल. आता येईल. ताई, सांगा ना. खोली मुकी होती. कढईच्या कडेला पाला काळा पडायला लागला, जळकट वासाचा पहिला भपका आला, आणि त्या वासाबरोबर तिला जे रिकाम्या खाटेपाशीही कळलं नव्हतं ते कळलं. थोरली गेली होती.

"झालं," स्टुलावरून पोरगी म्हणाली. घाबरत, बारीक आवाजात. तो आईचा नव्हता, काकूचाही नव्हता.

धाकटीनं आच बंद केली. पदरानं तोंड पुसलं, वात बुडवली, पेटवली. वात जळली, पण तेल नेहमीपेक्षा काळसर उतरलं होतं. पोरगी अजून पाठ करूनच बसली होती, खांदे आखडून.

"उशीर केला का गं मी?" तिनं विचारलं.

"केलास थोडा," धाकटी म्हणाली. "मीही केला. हे आपण घरात वापरू. बस तिथेच, उठू नकोस, दुसरी कढई चढवते."