अडकलेला रिपोर्ट

आमच्या कंपनीचं काम निरोप पोचवायचं. सुरतभरच्या रक्ततपासणी केंद्रांतून रिपोर्ट यायचे, आमचे सर्व्हर ते रांगेत लावायचे आणि पेशंटच्या मोबाईलवर पाठवायचे. त्या रांगा मी सांभाळायचे. काळ्या स्क्रीनवर कमांड टाकायच्या, कुठे काय तुंबलंय ते बघायचं. गोडादऱ्याच्या घरी आई विचारायची, "दिनभर काय करस तू?" सांगायचा कंटाळा यायचा.

एका सकाळी ऑफिसात शिरले तर एक रांग हलतच नव्हती. रिपोर्ट उचलणारा प्रोग्राम एकाच रिपोर्टवर बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा तोच रिपोर्ट उचलायचा. मागचे सगळे खोळंबलेले. केंद्रांचे फोन घेऊन घेऊन घसा बसला.

साहेब म्हणाले, "बेन, आखी लाइन साफ करी नाखो. सेंटरवाळा फरी मोकलशे."

"सगळेच परत पाठवतील कशावरून, साहेब?"

ते केबिनमध्ये गेले. एक कमांड दिली असती तर रांग रिकामी झाली असती, आणि खरं सांगते, तेव्हा मलाही तेच हवं होतं. पण हात धजेना. मग छोटा प्रोग्राम लिहायला घेतला, फक्त तो एक रिपोर्ट बाजूला काढणारा. दोनदा फसला. आईचा फोन आला, "जेवनी का?" डबा तसाच होता.

दुपार उलटल्यावर तो रिपोर्ट बाजूला निघाला आणि रांग वाहू लागली. काय बिघडलंय म्हणून उघडून पाहिला. कामरेजच्या केंद्रावर कुणीतरी आकड्याच्या जागी शेराच लिहिला होता: प्लेटलेट फार कमी, ताबडतोब कळवा.

मी केंद्रावर फोन लावून रिपोर्टवरचं नाव सांगितलं. तिथली मुलगी म्हणाली, "ते काका? सकाळपासून बाकावरच बसलेत. मेसेज येईल म्हणून थांबलेत."

"मेसेज राहू दे. त्यांना आधी दवाखान्यात पाठव."

तिने फोन न ठेवताच रिक्षासाठी हाका मारल्या.

पुढच्या आठवड्यात मीच फोन करून त्या मुलीला विचारलं. "ॲडमिट केलं होतं, आता घरी आलेत," म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटशी बोलू लागली. बरं वाटलं, पण आनंद व्हायलाही अंगात त्राण लागतं. त्या रविवारी जेवून आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले.