तांबटआळीला ऐकायला शिकवणारे मास्तर

दस्तगीर मास्तरांना साठावं वर्ष लागलं म्हणून त्यांचे विद्यार्थी हे पुस्तक काढत आहेत. तांबटआळीच्या वतीनं त्यात मी चार शब्द लिहावेत असा त्यांनी धोशाच लावला. मी शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. भांड्यांवर गिऱ्हाइकांची नावं घालता घालता अक्षरं ओळखीची झाली आणि पुढं ती आपली आपण जुळवत गेलो. तेव्हा लेखणीवर हातोडीचा हात पडला असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मास्तरांची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या दुकानाच्या पायरीवर. शाळा अजून सक्तीची झाली नव्हती, पण महाराज सरकारांच्या कृपेनं आमच्या पेठेत शाळा निघाली होती आणि आळीतली पोरं तिथं जाऊ लागली होती. ऐन लग्नसराईत एक उंच, किडकिडीत गृहस्थ पायरीशी येऊन उभे राहिले. मी गिऱ्हाईक समजून घागर पुढं केली.

"घागर ऱ्हाऊ द्या. पोरं घरात कुठं बसून अभ्यास करत्यात ते बघायला आलोय," मास्तर म्हणाले. म्हणाले कसले, ओरडलेच. आमच्या आळीत ओरडल्याशिवाय शब्द समोरच्या कानापर्यंत पोचत नाही.

ते घरोघर फिरले आणि दिवेलागणीला सगळ्यांना मारुतीच्या पारावर बोलावून म्हणाले, "असल्या ठणठणाटात पोरानं पाठ करायचं कसं? सांजचं घटकाभर हातोड्या बंद ठेवा."

माझे शेजारी रामभाऊ फटकळ. ते म्हणाले, "मास्तर, ऐन सुगीत कुणब्याला इळा खाली ठेव म्हणताय व्हय?"

पण मास्तरांच्या बोलण्यात अशी काही माया असते की माणसाला नाही म्हणणं जड जातं. आळीनं हातोड्या ठेवल्या. आणि झालं भलतंच. पाळण्यातली लेकरं ठोक्यांच्या आवाजातच झोपायला सोकावलेली. आवाज थांबताच ती दचकून उठली आणि साऱ्या आळीत रडारड सुरू झाली. मोठी पोरं पाटी मांडीवर घेऊन एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. माझी यमुना तेव्हा तिसरीत होती. ती मास्तरांना म्हणाली, "मास्तर, गप्प झालं की मला भ्या वाटतंय."

दुसऱ्या कुणी पोरांनाच दटावलं असतं. मास्तरांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली आणि हसत म्हणाले, "चुकलो की मी. माशाला पाण्याबाहेर काढून पवायला शिकवत हुतो." आपली चूक चारचौघांत अशी सहज उचलून बाजूला ठेवणारा शिकलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

यमुनेच्या शिक्षणावरून आमच्या घरात त्या वर्षी ओढाताण चालली होती. पोरीनं शिकावं ही माझी फार इच्छा. माझ्या आईला ते पटत नव्हतं. तिनं एकच सांगून ठेवलं होतं, "औंदा पास झाली तर शिकू दे, न्हायतर चुलीपुढं बसव." आमच्या घरात आईचा शब्द खाली पडत नसे. आता निकाल शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांच्या परीक्षेवर होता, आणि पोरीला मदत करावी तर मला पाढा म्हणजे काय तेही धड ठाऊक नव्हतं.

हे मास्तरांना कळल्यावर एका संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. मी हंड्याला मठार देत होतो, म्हणजे अंगावर हलके हलके ठोके घालून तो कडक करत होतो. यमुना शेजारी पाढे म्हणत होती. मध्येच ती अडली तशी मी मान वर केली.

मास्तरांनी विचारलं, "तुमास्नी पाढा येतोय?"

"न्हाय."

"मग चुकली ते कसं कळलं?"

"चुकली ते न्हाय कळलं. अडली ते कळलं."

मास्तर म्हणाले, "झालं तर. बापाला तेवढं आलं की पुरं. ती अडली की हातोडी थांबवा. रागावू नका, सांगायला जाऊ नका. तिला सापडंस्तवर थांबा. बरोबर का चूक, ते मी शाळेत बघतो."

त्या दिवसापासून घरोघर तीच रीत पडली. ठोक्याठोक्याला पोरं पाढे म्हणू लागली. आया भाकरी थापता थापता धडा ऐकू लागल्या. आपल्याला अक्षर येत नाही म्हणून अभ्यासाच्या वेळी अंग चोरणारे आईबाप पोरांजवळ येऊन बसले, हे मास्तरांचं सर्वांत मोठं काम असं मी समजतो. रामभाऊ तेवढे चुकल्याबरोबर पोराच्या पाठीत धपाटा घालायचे. मास्तरांनी त्यांना विचारलं, "तांबं न तापवता ठोकत ऱ्हायलं तर काय हुतंय?"

"चिरतंय की."

"मग पोराला तरी जरा ऊब द्या, रामभाऊ."

रामभाऊंचा हात त्यानंतर पोराच्या पाठीवरून फिरताना आम्ही पाहिला.

परीक्षेला मात्र आमची यमुना नापास झाली. दिपोटी साहेबांपुढं सारं कसं चिडीचूप. अडीचकीचा पाढा म्हणता म्हणता ती अडली ती अडलीच. त्याच संध्याकाळी मास्तर आमच्याकडं आले. आई सोप्यात जोंधळे पाखडत होती.

"काय मास्तर, मी म्हणलंतं न्हवं?" आईनं सुनावलं.

"व्हय मावशी. पर नापास पोरगी न्हाय, मी झालोय. हातोडीसंगं म्हणायला शिकवलं. हातोडीबिगर म्हणायला शिकवायचं माझ्याच ध्यानात आलं न्हाय."

"मग तुमास्नीच बसवू का चुलीपुढं?"

"बसवा की," म्हणत मास्तर अंगरख्याच्या बाह्या वर सारू लागले. "भाकरी येती मला. पर पोरीला एक वरीस द्या."

आईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "एक वरीस. त्याच्या म्होरं एक दीस न्हाय."

ते वर्ष मास्तर आमच्याकडं वरचेवर येत राहिले. खरं सांगायचं तर कामाच्या ऐन धांदलीत येत आणि उठायचं नाव घेत नसत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी त्यांच्या गावी नसे. त्यांनी आधी माझा ठोका दर आकड्याला ठेवला, मग पाढा संपल्यावर एक, आणि शेवटी हातोडी माझ्या मांडीवर ठेवायला लावली. मी नुसता ऐकत बसायचो. आईही सूप घेऊन जवळ येऊ लागली. यमुना अडली की तिचं सूप थांबायचं. मध्येच गाठीच्या तापाची साथ आली आणि आम्ही गावाबाहेर कळंब्याच्या माळावर झोपड्या घालून राहिलो. मास्तर तिथंही उन्हातून चालत आले, पोरांची विचारपूस केली, आणि जाताना शेजारच्या झोपडीतल्या आजारी माणसासाठी घागरभर पाणी भरून ठेवून गेले.

पुढच्या परीक्षेला यमुना पास झाली. आईनं स्वतः दारोदार गूळ वाटला आणि "आमची पोरगी पैल्यापास्नं हुशारच" असं बिनदिक्कत सांगत फिरली. यमुना आता गडहिंग्लजला सासरी असते. तिचं पत्र आलं की मी ते आईला वाचून दाखवतो. जोडाक्षरापाशी मी अडतो तेव्हा आई काही बोलत नाही, माझ्याकडं बघत थांबते.

आता शाळा सक्तीची झाली आहे. पोरांना शाळेत घालण्याचा हुकूम सरकारांनी दिला, पण घरी आल्यावर त्यांच्याजवळ बसायचं काम आपल्यालाच करायचं आहे. आमच्या आळीत अजूनही काही घरं अशी आहेत की जिथला बाप म्हणतो, मला काय कळतंय त्यातलं. त्या घरांत मास्तरांना जायचं आहे. म्हणून परमेश्वराजवळ मागणं एवढंच, की त्यानं मास्तरांना शंभर वर्षांचं आयुष्य द्यावं, त्यांची नजर साफ ठेवावी, आणि आमच्या उंबऱ्यापर्यंत चालत येण्याइतके त्यांचे पाय धड ठेवावेत. पाट आम्ही मांडून ठेवतो.