कोऱ्या डिस्कचा डबा

काल कपाट आवरताना कोऱ्या डीव्हीडींचा डबा सापडला आणि माझं डोकंच फिरलं.

भालकीत माझं व्हिडिओचं दुकान होतं, तेव्हा वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, धनगरी ओव्यांचे मी एकवीस भाग शूट केले होते. कन्व्हर्ट करून, चित्राची क्वालिटी दाबून दाबून ते सगळे एकाच डीव्हीडीत कोंबले आणि मूळ फायली पुसून टाकल्या. केवढी फुशारकी माझी!

टीव्हीसमोर अप्पांनी डोळे बारीक केले. "माझं तोंड असं चौकोन चौकोन कामून दिसायलंय रे?"

"ओव्या ऐका की! तोंड काय बघायलात?" मी खेकसलो.

आता अप्पा न्हाईत. तोंडच बघायचंय मला, आणि टीव्हीवर नुसते चौकोन गायलेत. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या डब्यातली मी एकच डिस्क वापरली होती.