भोंगाबाई

भोंगाबाई कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. उरवड्याच्या पुढच्या दगडखाणीत सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजवणं हे त्यांचं काम; पण स्वतःचं बोलणं इतकं हळू की कान पुढे करावा लागे. "वरडून काय उपेग?" त्या म्हणत. "क्रशर माज्यापरास मोठ्यांदा वरडतोय."

मी तेव्हा मारुंजीत खोली घेऊन राहत होते आणि एका छोट्या कंपनीतर्फे खाणीत नवी यंत्रणा बसवत होते. प्रत्येक कामगाराच्या हेल्मेटमध्ये एक चकती. माणूस खाली उतरला की केबिनमधल्या फळ्यावर त्याच्या नंबरचा दिवा लाल, वर आला की हिरवा. कामगार कुरकुरले. सुपरवायझर साहेबांना तर ती कटकटच वाटली. भोंगाबाई तेवढ्या स्टूल ओढून फळ्यासमोर बसल्या आणि दोन दिवसांत सगळे नंबर पाठ केले.

पूर्वी त्या स्वतः खाली दगड फोडायच्या. एकदा कड्याला चीर पडलेली त्यांना दिसली. त्यांनी सांगितलं, कुणी लक्ष दिलं नाही, आणि चार दिवसांनी त्याच कड्याखाली त्यांचा भाऊ गेला. "माजं म्हननं कुनी मनावर घेत न्हाई," त्या मला म्हणाल्या. "दिव्याचं तरी घेत्याल."

पहिल्याच आठवड्यात सगळे वर आले तरी एक दिवा लाल राहिला. बाई खाली गेल्या आणि कुणीतरी विसरलेलं हेल्मेट घेऊन आल्या. सगळे हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आता कळलं, डोकं वर हाय. बघितल्याबिगर कसं कळलं असतं?"

महिन्याभरानं भर दुपारी सतरा नंबर लाल राहिला. सुरुंगाच्या भोकांत दारू भरून झाली होती. महाळुंग्याच्या बांधकामावर खडी पोचवायची म्हणून डंपर रांगेत उभे होते. मुकादमानं माणसं मोजली, पुरी भरली. साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं मशिन बिघडलंय. सांगा बाईंना, भोंगा द्या म्हणावं."

चकतीची बॅटरी उतरली की दिवा लालच अडकून राहतो, हे मला माहीत होतं. 'असेल' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात बाईंनी भोंग्याची किल्ली काढून कनवटीला खोचली.

"लाल हाय तवर न्हाई."

"बाई, उद्यापासून कामावर येऊ नका!"

"उद्याचं उद्या. पोरी, चल."

त्या भरलेल्या भोकांशेजारून आम्ही उतरलो. बाई एकेका धोंड्यामागे वाकून बघत होत्या. अगदी तळाशी, ड्रिल मशिनच्या मागे, रामसेवक सापडला. सतरा नंबर त्याचाच. पाय दगडाखाली अडकलेला, ओरडून ओरडून घसा बसलेला. क्रशरच्या आवाजात वर काहीच पोचलं नव्हतं. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी दोन्ही हात हलवून वरच्यांना बोलावलं. चौघांनी पहारी लावून दगड हलवला. वरच्या मोजणीत भर पडली होती ती गर्दीत उभ्या राहिलेल्या एका डंपर ड्रायव्हरची.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंना खरंच फाटकावर अडवलं. त्या दिवशी एकही माणूस खाणीत उतरला नाही. सगळे फाटकाशी बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत किल्ली परत बाईंच्या हातात आली.

गेल्या वर्षी दगडाच्या धुळीनं त्यांची छाती पार धरली. त्या गेल्या त्याच्या आठवडाभर आधी मी दवाखान्यात भेटायला गेले आणि इतकी वर्षं मनात सलत असलेलं बोलून टाकलं. "मावशी, त्या दिवशी मी म्हणणार होते, मशिन बिघडलंय म्हणून."

त्यांनी नाकावरची नळी जरा सरकवली. आवाज नेहमीपेक्षाही हळू. मी कान जवळ नेला.

"म्हाईत हाय मला. तुज्या तोंडावर दिसत हुतं. म्हनून तर संगं नेली तुला."